अंगणातली मस्कतची भिंत

"कुठे बांधायची म्हणता?" अनघानं चहाचा कप ओट्यावर ठेवत विचारलं.

"अंगणात," सतीश म्हणाला. "आठ फूट लांब, पाच फूट उंच. फक्त दहा-बारा दिवसांसाठी."

"दहा-बारा दिवसांसाठी मांडव असतो. भिंत असते का कधी?"

सतीशनं मदतीसाठी आईकडे पाहिलं. मधुमतीबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता निकाल दिला. "शकूर मिस्त्रींना हवी आहे ना? मग बांधू दे. त्यांनी आपलं अख्खं घर बांधलं, आपण त्यांना एक भिंत बांधू देऊ नये?"

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पाटणकर मंडळी मूळची कऱ्हाडची. बँकेच्या नोकरीत सतीश लखनऊला आला, मागोमाग धाकटा प्रसाद एका खाजगी कंपनीत लागला, आणि दोघा भावांनी मिळून जानकीपुरमला घर बांधायला काढलं. पाया भरला आणि बँकेनं सतीशला अकरा महिन्यांसाठी गोंड्याला पाठवलं. प्रसादला विटेतलं काही कळत नव्हतं. त्या अकरा महिन्यांत सगळं घर शकूर मिस्त्रींनी जणू स्वतःचं असल्यासारखं उभं केलं. दोयम विटांचा अख्खा ट्रक त्यांनी फाटकातूनच परत पाठवला होता. स्वयंपाकघरातला ओटा आईंच्या उंचीला इंचभर जास्त झाला, तर कुणी न सांगता तोडून पुन्हा घातला. "अम्माजी के कंधे दुखेंगे," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मधुमतीबाई रोज पोळ्या लाटताना त्यांना मनातल्या मनात आशीर्वाद देत.

आता प्रथमच शकूर मिस्त्री काही मागायला आले होते. मस्कतच्या एका कंपनीला गवंडी हवे होते. कंपनीचा इंजिनिअर पुढच्या रविवारी एका दिवसासाठी लखनऊला येणार होता आणि ज्याच्या-त्याच्या हातचं काम जागेवर जाऊन बघणार होता. एजंटनं सांगितलं होतं, की कोपऱ्यात वळवलेली नऊ इंची भिंत तयार ठेवा, एका बाजूला गिलावा, एका बाजूला उघडी वीट. पाटणकरांचं घर तर सगळं गिलावा करून, रंगवून झालेलं. आणि मिस्त्रींचं स्वतःचं घर मलिहाबादच्याही पलीकडे, आमराईत. तिथवर जायला साहेबाला वेळ नव्हता.

"उम्र पैंतालीस तक लेते हैं, साहब," शकूर मिस्त्री म्हणाले होते. "हम चवालीस के हैं. इसके बाद कोई पूछेगा नहीं. बस एक गुज़ारिश है. चिट्ठी हाथ में आने तक बात इस घर से बाहर न जाए."

त्यालाही कारण होतं. याआधी दोनदा त्यांचं परदेशी जायचं ठरलं होतं. पहिल्यांदा गावभर मिठाई वाटली आणि आठवड्यात एजंटच गायब झाला. दुसऱ्यांदा तर गळ्यात हार घालून लोक स्टेशनवर सोडायला आले. दिल्लीला पोचल्यावर कळलं, की जागा भरल्या. ते चौथ्या दिवशी परत आले, पण गावात त्यांना अजूनही 'दुबईवाले' म्हणत होते. नजर लागते यावर त्यांचा आता पूर्ण विश्वास बसला होता. मधुमतीबाईंनी तुळशीवर हात ठेवून शब्द दिला, की या घरातून ब्रसुद्धा बाहेर पडणार नाही. घरातल्या बाकीच्यांना वेगळी शपथ घ्यायची गरज उरली नाही.

घराला अंगणात उघडणारी दोन दारं होती. डावीकडे सतीश-अनघा, उजवीकडे प्रसाद आणि त्याची बायको नंदा. आई दोन्हीकडे. भिंत फाटकातून नीट दिसावी म्हणून मिस्त्रींनी जागा निवडली ती बरोबर मधली. दोन दिवसांत भिंत उभी राहिली. काय सुरेख भिंत! ओळंबा सोडला तर दोरी विटेला केसाइतकीही सुटत नव्हती. जाताना मिस्त्री बजावून गेले, "अम्माजी, तराई का ध्यान रखिएगा. सुबह-शाम पानी. दीवार जितना पानी पिएगी, उतनी जिएगी."

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे तिवारीजी दात घासत गच्चीवर आले आणि त्यांचा ब्रश तोंडातच थांबला. तिवारीजी निवृत्त हेडमास्तर. दुसऱ्याच्या घरातली भांडणं मिटवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता आणि पाटणकरांनी त्यांना चार वर्षांत एकही संधी दिली नव्हती. आज समोर चक्क अंगणाच्या मधोमध भिंत! आणि वृद्ध आई पहाटे उठून, दोन लेकरांमधल्या त्या भिंतीला स्वतःच्या हातानं पाणी घालते आहे!

ते तसेच खाली आले. "सतीश बाबू, यह दीवार?"

"वह... बस, यूँ ही," सतीश म्हणाला.

"यूँ ही तो आदमी टहलता है, बेटा. दीवार यूँ ही नहीं उठती."

सतीशला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची परवानगी नव्हती. तो मान खाली घालून स्कूटरला किक मारत राहिला. त्या खाली घातलेल्या मानेतून तिवारीजींना जे कळायचं ते कळलं. संध्याकाळपर्यंत ते साऱ्या गल्लीला कळलं.

मग सांत्वनाला माणसं येऊ लागली. समोरच्या बाईंनी मधुमतीबाईंचा हात हातात घेऊन विचारलं, "अम्माजी, आप किसकी तरफ़ रहेंगी?" मधुमतीबाई तेव्हा कांदा चिरत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मेरा क्या है, दोनों तरफ़ आती-जाती रहूँगी." बाई पदर तोंडाला लावून घरी गेल्या. निशातगंजच्या बाजारात प्रसादला भाजीवाल्यानं विचारलं, "भैया, अब सब्जी अलग-अलग तौलूँ?"

प्रसाद घरी येऊन खो-खो हसला. सगळेच हसले. पण भिंतीचा गुण असा, की ती खोटी असली तरी काम खरं करते. चौथ्या दिवशी नंदानं भिंतीच्या पलीकडे दोरी बांधून आपले कपडे वाळत घातले. पाचव्या दिवशी अनघा म्हणाली, "नळ आमच्या बाजूला राहिला ना, त्यांना बादली घेऊन फिरून यावं लागतं."

"'आमच्या बाजूला' म्हणजे?" सतीशनं विचारलं.

"म्हणजे... या बाजूला हो!"

सहाव्या दिवशी प्रसादनं सतीशची स्कूटर 'इकडून' काढून 'तिकडे' लावली आणि सतीशला उगाचच राग आला. त्यावर दोघं भाऊ दहा मिनिटं तावातावानं बोलले. शेवटी मधुमतीबाई पाण्याचा तांब्या हातात घेऊन मध्ये आल्या. "अरे, ही मस्कतची भिंत आहे! तुमची नव्हे! रविवारपर्यंत दम धरा, मग काय भांडायचं ते भांडा." दोघंही ओशाळले. पण हे सारं तिवारीजी गच्चीवरून पाहत होते. मराठी त्यांना कळत नव्हतं. आवाज कळत होते.

वास्तुशांतीला आलेल्या दिनकरमामांचा कऱ्हाडचा पत्ता तिवारीजींच्या डायरीत होता. त्यांनी तार ठोकली. भाऊ वाटणी करताहेत, ताबडतोब या.

दिनकरमामा म्हणजे मधुमतीबाईंचे थोरले भाऊ. वय बासष्ट. तरुणपणी तालमीत गेलेले, आणि ते कुणी विसरू नये याची काळजी घेणारे. तार मिळाली तशी मिळेल ती गाडी पकडून, रिझर्वेशनशिवाय, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये दाराशी बसून ते रविवारी सकाळी लखनऊला उतरले. रिक्षातून उतरतात तो त्यांना फाटकातूनच भिंत दिसली.

"मधू! मी जिवंत असताना हे?"

"दादा, तू कसा इथे?" मधुमतीबाईंना आनंद झाला आणि त्याच क्षणी धसकाही बसला. साडेदहा वाजले होते. साहेब साडेअकराला यायचे होते. "आधी चहा घे. सगळं सांगते. फक्त साडेअकरापर्यंत थांब."

"साडेअकराला काय, वकील येतोय?"

"नाही रे, वकील कशाला येईल..."

"मग कोण येतंय?"

मधुमतीबाईंनी तुळशीकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. मामांनी भाच्यांकडे पाहिलं. भाच्यांनी जमिनीकडे पाहिलं. सुनांनी एकमेकींकडे पाहिलं. एवढ्यात तिवारीजी आत आले. त्यांच्या गच्चीचं काम चालू होतं, त्यामुळे घण घरातच होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी मामांच्या पुढे धरला. "मामाजी, यह शुभ काम आपके हाथों हो."

"मामा, भिंतीला हात लावायचा नाही!" सतीश ओरडला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. प्रसाद उडी मारून त्याच्या शेजारी आला. दोघांचे खांदे एकमेकांना चिकटले होते.

मामा थक्क झाले. "गाढवांनो, वेगळं व्हायला एवढे एक झालात? ही एकी एरवी दाखवली असती तर!"

"मामा, तुमच्या पाया पडतो. अर्धा तास," प्रसाद म्हणाला.

बोलता-बोलता सव्वाअकरा झाले. साहेब वेळेच्या आधी आले. फाटकाशी गाडी थांबली. आतून टाय लावलेला, हातात काळी ब्रीफकेस घेतलेला गृहस्थ उतरला आणि त्याच्यामागे कागदांची फाईल सांभाळत एजंट. सर्वांत मागे धुतलेला कुर्ता-पायजमा घातलेले शकूर मिस्त्री.

ब्रीफकेस पाहताच मामांची खात्री पटली. "आला वकील!" असं म्हणून त्यांनी दोन्ही भाच्यांना बाजूला सारलं, घण डोक्यावर नेला आणि 'जय बजरंग'चा पुकारा करून गिलाव्यावर दणका हाणला.

घण उसळून मागे आला. घणाबरोबर मामा आले. ते दोन पावलं उलटे चालून तुळशीच्या कट्ट्यावर बसले. हाताला झिणझिण्या आल्या होत्या. भिंतीवर रुपयाएवढा पांढरा डाग उमटला होता. बस्स.

फाटकाशी शकूर मिस्त्रींचा चेहरा त्या डागाइतकाच पांढरा झाला होता. तिसऱ्यांदाही! यावेळी तर नजर थेट घण घेऊन आली होती.

इंजिनिअरसाहेब शांतपणे पुढे आले. माणूस केरळचा, बोलणं मोजकं. त्यांनी डागावरून बोट फिरवलं. ब्रीफकेसमधून लेव्हल काढून भिंतीच्या माथ्यावर ठेवली, ओळंबा सोडला, कोपऱ्यात गुण्या लावून काटकोन तपासला. मग मागं जाऊन उघडी वीट पाहिली. सांधे नखानं खरवडून पाहिले.

"दीवार कितने दिन का है?"

"नौ दिन की, हुज़ूर," शकूर मिस्त्री फाटकापासूनच म्हणाले.

"पानी कौन दिया?"

मधुमतीबाईंनी तांब्या वर केला.

साहेबांनी मान डोलावली. मग मामांकडे पाहून एजंटला विचारलं, "पूरे यू.पी. में बीस जगह देखा. स्ट्रेंथ टेस्ट का इंतज़ाम सिर्फ़ इधर है. ये टेस्टिंगवाले साहब कौन हैं?"

एजंट हुशार होता. "पुराने आदमी हैं सर, बाहर से बुलवाया है."

"गुड," साहेब म्हणाले. भिंतीवरच कागद ठेवून त्यांनी सही केली आणि तो शकूर मिस्त्रींच्या हातात दिला. "फोरमैन के नीचे नहीं, फोरमैन. अगले महीने मस्कत."

गाडी गेली. शकूर मिस्त्री कागद हातात धरून तसेच उभे होते. मग ते सरळ मामांपाशी गेले आणि त्यांचे झिणझिणणारे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. "मामाजी, आपका यह एहसान हम ज़िंदगी भर नहीं भूलेंगे."

"अरे पण मी काय केलं?" मामा म्हणाले. "कुणीतरी मला सांगेल का, ही भिंत कुणाची आहे?"

चिठ्ठी हातात आली होती, आता शब्दातून सुटका झाली होती. मधुमतीबाईंनी सगळं सांगितलं. ऐकता-ऐकता मामा आधी लाजले, मग हसले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिशातली तार काढून दाखवली, तसा तिवारीजींनी घण हळूच पाठीमागं लपवला. पण मधुमतीबाई त्यांना म्हणाल्या, "मास्टरजी, बुरा मत मानिए. परदेस में कौन किसके घर के लिए अपने पैसे से तार करता है? आप थे, इसलिए किया." तिवारीजी नाक शिंकरत घरी गेले आणि रबडी घेऊन परत आले.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात शकूर मिस्त्री कबूल केल्याप्रमाणे भिंत पाडायला आले. मदतीला दोन माणसं, छिन्नी, हातोडा. दिवसभर खपूनही दीड फुटाखाली भिंत काही जाईना. मधुमतीबाई दारात उभ्या होत्या. "रहने दो, भैया. इतनी रहने दो. बैठने के काम आएगी." मग मिस्त्रींनी उरलेल्या भिंतीचा माथा घोटून गुळगुळीत केला, कडा गोल केल्या. उंची अर्थात आईंच्या गुडघ्यांना मोजून.

आता रोज संध्याकाळी त्यावर दोघे भाऊ चहा पीत बसतात, मध्ये आई. तिवारीजीही येतात आणि नव्या माणसाला अभिमानानं सांगतात, की हे घर या दीवारीमुळेच एकत्र आहे.

मार्चमध्ये मस्कतहून पहिलं पत्र आलं. सतीशनं तिथेच बसून ते मोठ्यानं वाचलं. सगळ्यांना सलाम होता. अम्माजींच्या गुडघ्यांची चौकशी होती. गावात आता खरंच 'मस्कतवाले' म्हणतात, असं होतं. आणि शेवटी लिहिलं होतं, "यहाँ अब तक चौदह दीवारें उठाई हैं. अल्लाह का शुक्र है, सब सीधी हैं. मगर एक को भी किसी ने गिराने की कोशिश नहीं की. मामाजी की बहुत याद आती है."

मधुमतीबाईंनी पदरानं डोळे टिपले. जवळपास कुठेही कांदा नव्हता.