यमुनामावशींच्या शेअरचा खरा भाव

"शेअर कुठल्याही कंपनीचा आणा, चहा निवायच्या आत त्याचा खरा भाव काढून देतो!" झाशीच्या रेल्वे कॉलनीत वामन हे ज्याला त्याला ऐकवायचा. नोकरी मालधक्क्यावर कारकुनाची, पण एक जाडजूड अर्थशास्त्राचं पुस्तक वाचल्यापासून त्याची चालच बदलली होती.

आणि एक दिवस खरंच गिऱ्हाईक आलं. त्याच्या बायकोची, बकुळची, मावशी! यमुनामावशींकडे मऊरानीपूरच्या एका तेलगिरणीचे शंभर शेअर होते. सेठ दुर्गाप्रसाद चाळीस रुपये भावाने ते मागत होते. मावशींना त्या पैशांत सीपरी बाजारात मसाल्याचं दुकान घ्यायचं होतं.

"देऊ का रे चाळीसला?"

"थांबा मावशी! पैशावर परतावा किती हवा?"

"बारा टक्के तरी."

"पुढच्या वर्षी लाभांश?"

"शेअरमागे चार रुपये."

"आता लाभांश दरसाल किती टक्के वाढतो ते कळलं की झालं. बारातून ती वाढ वजा करायची. उरेल तेवढे टक्के लाभांशातून सुटायला हवेत. मग चार रुपये म्हणजे किती रुपयांचे तेवढे टक्के, तोच खरा भाव!"

मावशींनी अशी मान डोलावली की जणू कीर्तनालाच बसल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी गिरणीचा मुनीम धक्क्यावर पेंडीची पोती चढवत होता. इंजिन शिट्टी फुंकत होतं. वामन ओरडला, "मुनीमजी, इस साल कितना बढ़ा?"

"ग्यारह!" मुनीम तिकडून ओरडला.

बारातून अकरा गेले, उरला एक टक्का. चार रुपये म्हणजे चारशेचा एक टक्का. चारशे!! वामन सायकल हाणत घरी आला. मावशींनी लगेच सेठना निरोप धाडला, "चारशेच्या खाली नाव काढू नका!"

सेठने विचार करायला वेळ मागितला. दुकानाचा मालक मात्र घाईला आला. "अम्माजी, सोमवार तक बयाना दो, नहीं तो दूसरे को दे दूँगा."

"काही घाबरू नका, वाढ अजून चढलीही असेल," म्हणत वामनने मुनीमाला पुन्हा गाठलं.

"अब तो तेरह हो गए, बाबूजी!"

वामनने वजाबाकी केली. मग पुन्हा केली. बारातून तेरा गेले, उरला उणे एक. भाव आला उणे चारशे.

"उणे म्हणजे?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे... गणिताप्रमाणे..."

"म्हणजे शेअर न्या म्हणून सेठला मीच चारशे रुपये द्यायचे?"

बकुळ पदर तोंडात कोंबून आत पळाली. वामन धावतपळत मुनीमाकडे. "भैया, तेरह क्या?"

"मज़दूर, बाबूजी! नए रखे हैं."

"और मुनाफ़ा? डिविडेंड?"

"वो तो हर साल दो टका बढ़ता है."

बारातून दोन गेले, उरले दहा. चार रुपये म्हणजे चाळीसचे दहा टक्के. सेठचा भाव अगदी पैपर्यंत बरोबर होता!

रविवारी मावशींना घेऊन वामन सेठच्या गादीवर गेला. तो तोंड उघडणार इतक्यात सेठनेच हात जोडले. "बाबूजी, चार सौ तो नहीं होगा. पैंतालीस ले लो, बात ख़तम करो!"

मावशींचा चेहरा फुलला. पण वामनला अचूक उत्तर सापडलं होतं, आणि ते पोटात ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"पैंतालीस? ग़लत!" तो कडाडला. "सही भाव चालीस है! देखिए, बारह में से दो घटाइए..."

सेठने अगदी मन लावून ऐकलं. असा भक्त वामनला जन्मात भेटला नव्हता. "वाह बाबूजी, क्या हिसाब है!" म्हणत त्याने चाळीसच्या भावाने पैसे मोजून दिले.

परत येताना टांग्यात मावशी हातचे गेलेले पाचशे रुपये बोटांवर मोजत होत्या. दुकान झालं, चांगलं चाललंही. दर रविवारी वामन तिथे मदतीला बसतो. हळदीच्या पुड्या बांधतो. आणि कुणी भाव विचारलाच, तर तो काही बोलायच्या आत मावशी आतून ओरडतात, "त्याला नका विचारू! मी आले!"