पंडितजींचं नाक

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये गुप्तेबाई शिरल्या की लोक नकळत तोंड फिरवतात. भांडण वगैरे काही नाही. बाई टक लावून बघतात, एवढंच. तेही तुमच्याकडे नाही, तुमच्या एखाद्या भागाकडे. तळमजल्यापासून वर जाईपर्यंत त्यांची नजर तुमच्या भुवईवर नाहीतर कानाच्या पाळीवर मुक्कामाला असते, आणि दार उघडता उघडता त्या निकाल देतात. तिसऱ्या मजल्यावरच्या कदमांना असाच निकाल मिळाला.

"कदम, तुमच्या भुवया मला लागतील. शनिवारी संध्याकाळी घेऊन या."

कदम घरी जाऊन बायकोला म्हणाले, "गुप्तेबाई भुवया मागतायत."

बायको म्हणाली, "देऊन टाका. तुम्हाला कुठे वापरायच्यात?"

गुप्तेबाई आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. टेलिफोन खात्यात त्या ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. नोकरी संपली, ट्रंक कॉलही संपले, पण बाईंची भाषा काही लाइनवरून उतरली नाही. बेल वाजवली की आतून "होल्ड करा" असं येतं. कुणी फार बोलायला लागलं की "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" असं विचारतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष बोरकरांचं भाषण त्यांनी एकदा असंच कापलं होतं. बोरकर अजून विसरलेले नाहीत.

निवृत्त झाल्यावर बाईंनी पेन्सिल हातात घेतली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "जन्मभर नुसते आवाज ऐकले, सामंत. एकाचंही तोंड बघितलं नाही. आता तोंडं बघते."

आणि मग आमच्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाला पंडितजी यायचं ठरलं. नाव सांगत नाही, पण सतार म्हटलं की ज्यांचं नाव तोंडात येतं तेच. बोरकरांच्या साडूंचे ते जुने शेजारी. एवढा मोठा माणूस दिंडोशीत, आमच्या पार्किंगमध्ये घातलेल्या मांडवात वाजवणार म्हटल्यावर मीटिंगमध्ये नुसता कल्ला झाला. शाल, श्रीफळ ठरलं. तेवढ्यात गुप्तेबाई उभ्या राहिल्या.

"पंडितजींचं पेन्सिल पोर्ट्रेट मी देईन."

टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "झकास! इंटरनेटवर फोटो मिळतील भरपूर."

"फोटोवरून काढायचं तर फोटोच द्या की फ्रेम करून," बाई म्हणाल्या. "फोटोत आकार कळतो. सावली कुठे पडते ते कळत नाही. त्याला जिवंत माणूस लागतो."

पंडितजी काही दिंडोशीला बसायला येणार नव्हते. म्हणून बाईंनी त्यांना सुट्या भागांत गोळा करायला घेतलं. भुवया कदमांच्या. कान तळमजल्यावरच्या डिमेलो अंकलचे. हे मूळचे गोराई गावठाणातले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. आणि नाक माझं. बोरकरांनी लिफ्टपाशी त्यांना गाठून विचारलं, "आमचं काहीच नाही का?"

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मान घेता आली असती. पण फार ताठ आहे."

शेवटी सतारीमागे झाकला जाणारा खांदा त्यांना मिळाला. त्यावरही ते खूश होते. "पंडितजींचा खांदा" असं कुणी ओळख नसलेल्यालाही सांगायचे.

माझा वार गुरुवार. खिडकीजवळ खुर्ची, समोर बाई, आणि बोर्ड असा धरलेला की मला फक्त मागची बाजू दिसावी. उठताना त्यावर टॉवेल पडायचा. बघायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. गेल्या गेल्या आलं घातलेला चहा आणि खारी. मग प्रश्न सुरू. मुलगी बंगलोरला रमली का? गुडघा काय म्हणतो? ऑफिसात नवीन साहेब आलाय तो कसा आहे?

"बाई, नाक काढायला माझा साहेब कशाला लागतो?"

"गप्प माणसाचं नाक मेल्यासारखं दिसतं. बोला तुम्ही."

म्हणून मी बोलायचो. नवीन साहेब मला सगळ्यांसमोर 'अंकल' म्हणतो, हे मी घरीही सांगितलं नव्हतं. ते मी बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पेन्सिल थांबवून म्हणाल्या, "तुम्ही त्याला 'बाळा' म्हणा." मी म्हटलं. तेव्हापासून तो मला सामंतसाहेब म्हणतो.

तीन मिनिटांचा नियम त्या खुर्चीत मात्र कधी लागू झाला नाही. उठायची वेळ झाली की बाई बोर्डाकडे डोळे बारीक करून बघायच्या आणि खसाखसा रबर चालवायच्या. "नाही जमलं. पुढच्या गुरुवारी या."

सगळ्यांचं हेच. कदमांच्या भुवया खोडल्या, डिमेलोंचे कान खोडले. जिन्यात भेटलो की आम्ही एकमेकांना विचारायचो, "काय, आज राहिलं का काही?" कदम हळूहळू दुखावले. "माझ्या भुवयांत एवढं काय कठीण आहे यार?" माझी बायको म्हणाली, "तुमच्या नाकाला कागद पुरत नसेल."

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. मांडव गच्च. कदमांनी भुवया दाखवायला सासुरवाडी बोलावलेली. पंडितजींनी असा काही मारवा वाजवला की मांडवात पोरंसुद्धा चुळबुळायची थांबली. मग सत्कार. शाल झाली, श्रीफळ झालं. बोरकर माईकवर म्हणाले, "आणि आता आपल्या गुप्तेबाईंनी रेखाटलेलं..."

गुप्तेबाई पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. हात रिकामे.

"तयार नाही," त्या म्हणाल्या. "क्षमा असावी."

मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी फिसकन हसलं. बोरकरांची मान होती त्याहून ताठ झाली. बाई तशाच उभ्या होत्या, पदराचं टोक घट्ट धरून. पंडितजीच सावरून घ्यायला पुढे वाकले. "असू द्या हो. इतकी वर्षं आरशात बघतोय, मलाही हा चेहरा अजून जमलेला नाही."

लोक हसले आणि वेळ निभावली. पण नंतर बिल्डिंगमध्ये फार बोललं गेलं. बाईंना काढताच येत नाही म्हणे. नुसतं लोकांना बसवून ठेवलं म्हणे. कदमांनी सासुरवाडीसमोर वाट लागली म्हणून बोलणंच टाकलं. आता वर जायचं कारण उरलं नव्हतं, त्यामुळे मीही गेलो नाही. बाई लिफ्टमध्ये दिसायच्या. आकडे बघत उभ्या असायच्या, माणसांकडे बघत नव्हत्या.

महिन्याभराने बायकोने नारळाच्या वड्या केल्या आणि डबा माझ्या हाती देऊन वर पिटाळलं. दार उघडंच होतं. बाई स्वयंपाकघरात. खिडकीजवळ खुर्ची तशीच उजेडाकडे तोंड करून, आणि बोर्डावर टॉवेल नव्हता.

पंडितजी माझ्याकडे बघत होते. कदमांच्या भुवया त्यांच्या कपाळावर अशा शोभत होत्या की कदमांनाही कधी शोभल्या नसतील. आणि नाक! माझ्या तोंडावर जे नुसतं मोठं दिसतं, ते तिथे रुबाबदार दिसत होतं. एक रेघ कमी नव्हती. कोपऱ्यात सही होती, सहीखाली तारीख होती. कार्यक्रमाच्या बरीच आधीची.

बाई चहाचं आधण टाकून बाहेर आल्या. मी बोर्डापाशी उभा, हे त्यांनी पाहिलं.

"बाई, हे तर झालं होतं."

त्यांनी डबा घेतला, टेबलावर ठेवला. बराच वेळ झाकण नीट बसवत राहिल्या.

"पुरं झालं की देऊन टाकावं लागतं हो," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी रबर उचललं, बोर्डासमोर बसल्या आणि पंडितजींचा डावा कान सावकाश, काळजीपूर्वक पुसून टाकला.

"कान जरा मोठा झालाय. डिमेलोंना सांगाल का? रविवारी मोकळे असतील तर."

"सांगतो. आणि नाक?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे नाकाकडे. "नाकाचंही बघावं लागेल."

चहा पिऊन मी तडक तळमजल्यावर गेलो. डिमेलो अंकल टीव्ही लावून त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

"अंकल, बाईंना तुमचे कान परत हवेत. रविवारी."

अंकलनी टीव्ही बंद केला. "चर्चमधल्या मासवरून सरळ वर जातो. मागच्या वेळी चुकीचेच आले होते ते."

"तुम्ही चित्र बघितलंत?"

"बघितलं ना. ती चहा करायला आत गेली तेव्हा टॉवेल उचलून बघितलं. प्रोग्रामच्या किती आधी. एकदम फर्स्ट क्लास कान."

"मग बोलला का नाहीत कुणाला?"

डिमेलो अंकल माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच खुळा.

"बोलून काय करू, मॅन?" ते म्हणाले. "मग रविवारी मी कुठे जाऊ?"