घराला दिलेलं औषध

"डॉक्टर, तीन महिने द्या मला. पोरगी काडीसारखी करून आणतो!"

असं मी छाती पुढे काढून म्हणालो. छातीच्या आधी पोट पुढे आलं, ती गोष्ट वेगळी. अहो, मी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर! ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्यांना बावीस वर्षं गाडी शिकवतोय. मग दहा वर्षांची एक पोर म्हणजे काय!

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काडी नकोय मला. आणि तिला एकटीला काहीच करायचं नाहीये. हे औषध घराला द्यायचंय. ती खाईल तेच सगळ्यांनी खायचं. टीव्ही बंद करून एकत्र जेवायचं, रोज मिळून अर्धा तास चालायचं. आणि कोण काय खातं ते वहीत लिहायचं. तुम्हीसुद्धा."

"मीसुद्धा?"

"तुम्ही आधी!"

पोरगी खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. घरात तिला आम्ही पिल्लू म्हणतो. शाळेत मुलींनी वेगळंच नाव ठेवलंय, ते ती आम्हाला सांगत नाही. शर्यतीत धावायची हौस होती तिला. वर्षभरात मैदानाचं नाव काढलेलं नाही. म्हणून तर दवाखाना गाठला होता.

त्याच दिवशी मी घरात फतवा काढला. बिस्किटं हद्दपार, वेफर्स हद्दपार, केक हद्दपार! फ्रिज असा रिकामा झाला की आतला दिवासुद्धा ओशाळवाणा दिसायला लागला. चालण्याचं मात्र जमेना. मला कमरेत उसण भरे, बायकोला नेमके तेव्हाच ऑफिसचे फोन येत, आईचे गुडघे धरत. शेवटी पिल्लूला एकटीलाच पाठवायला लागलो. पंधरा मिनिटांत परत यायची आणि खोलीचं दार लावून बसायची. मी बायकोला म्हणायचो, "बघ, शिस्त लागतेय पोरीला!"

दोन महिने झाले. वजनाचा काटा हलला, पण उलट्या दिशेला! माझं डोकंच फिरलं. मी झडती सुरू केली आणि वॉशिंग मशीनच्या मागे सापडला वेफर्सचा भला मोठा पुडा. अर्धा संपलेला, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेला.

"पिल्लू! हे काय आहे?"

"मला नाही माहीत, बाबा."

"मग काय मशीन खातं? तुझ्यासाठी सगळं घर उपाशी मरतंय आणि तू चोरून खातेस?"

तिचे नुसते डोळे भरले. बायको वाळलेल्या टॉवेलांची घडी घालत होती. तिने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग आईच कोपऱ्यातून म्हणाली, "पोरीला बोलू नकोस. तो पुडा माझा आहे."

"आई, तुमचा कुठला?" बायको टॉवेलात तोंड खुपसून म्हणाली. "तो माझा. तुमची बिस्किटं तर गुडघ्याच्या पट्ट्याच्या खोक्यात असतात."

"तुला गं कसं कळलं?"

"मीच खाल्ली ना त्यातली!"

"तरीच! मला वाटलं, उंदीर झालेत!"

मी कपाळावर हात मारला. मग उभ्याउभ्या दोघींना असं भाषण दिलं, की स्वतःच्या आवाजाने मलाच गहिवरून आलं. घरासाठी त्याग म्हणजे काय, पोरीपुढे आदर्श म्हणजे काय, सगळं सांगितलं. आणि पिल्लूला म्हटलं, "चल, गाडीतून फिरवून आणतो." चूक झाली होती ना माझी!

गाडीत ती मुसमुसत होती. सिग्नलला थांबलो. मी मोठ्या मायेने म्हटलं, "अगं, समोरच्या कप्प्यात रुमाल आहे, डोळे पूस."

तिने कप्पा उघडला.

रुमाल होता. पण त्याच्या आधी चॉकलेटांचे कागद आले. मग क्रीमच्या बिस्किटांचे. मग केकचा अर्धा तुकडा तिच्या मांडीवर पडला. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर घातली तरी माझे पाय कधी असे गार पडले नव्हते.

ती ओरडली नाही. सगळे कागद तिने एकेक करून परत आत ठेवले. मग हळूच म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे तुम्हाला सगळ्यांना लपून खावं लागतं का?"

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्नवर हॉर्न वाजायला लागले. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी गाडी बंद पडली!

पुढच्या तपासणीला आम्ही चौघंही गेलो, गुन्हेगारांसारखे. डॉक्टरबाईंनी वही चाळली. माझ्या नावापुढे साठ दिवस नुसतं 'सॅलड, ताक' होतं. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, वही मिटली आणि पिल्लूला विचारलं, "तुला काय हवंय गं?"

पिल्लू चपलेकडे बघत म्हणाली, "एकटीला चालायला नको वाटतं. मैदानावर मुली हसतात. कोणीतरी सोबत यावं."

इतकंच हवं होतं तिला! आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने भर दवाखान्यात पदराने डोळे पुसले.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं मैदानावर गेलो. आई काठी टेकत, बायको फोन घरी ठेवून. मी सगळ्यांच्या पुढे, अर्थातच. "माझ्यामागून या!" म्हणून झपाझप निघालो, आणि अर्ध्या फेरीतच छातीचा भाता झाला. बाकावर असा कोसळलो, की बाक करकरला. आईसुद्धा मला ओलांडून पुढे गेली.

पिल्लू मात्र मागे फिरली. हात पुढे करून म्हणाली, "हळू हळू चला, बाबा. पहिल्या दिवशी असंच होतं. मी आहे ना."

तेवढ्यात शेजारून तिच्या वर्गातली एक मुलगी पळत गेली. मी श्वास रोखला. म्हणजे जेवढा उरला होता तेवढा! आता ते नाव ऐकायला मिळणार!

ती मुलगी थांबली, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि काळजीने म्हणाली, "अगं, तुझ्या आजोबांना पाणी देऊ का?"

पिल्लू खो खो हसत सुटली. कित्येक महिन्यांनी! मी आजोबा नाही, बाबा आहे, हे सांगायला माझं तोंड उघडं होतं. पण आवाज फुटायला श्वास कुठे होता?