उवांची मोहीम आणि उरलेला मंगळवार

प्रारंभी लेखणीस वंदन. पुढील वर्तमान डोळां पाहिले, कानी ऐकिले, पदरचे काही घातले नाही, ऐसे जाणून वाचावे.

हकीकत ऐसीजे, बस हाकणाऱ्या बाईसाहेब आणि चष्मे करणारे रावसाहेब हे दांपत्य दोन वर्षांमागे भांडण विकोपास जाऊन विभक्त जाहले. भांडी, गाद्या, कपाटे वाटली गेली; एकुलती कन्या चिरंजीव खारूताई, उमर वर्षे सात, तिची वाटणी होईना. सबब घरगुती तंटे तोडणाऱ्या कचेरीच्या अधिकारीणबाईंनी हुकूम फर्माविला की, सालाचे दिवस मोजावे, अधिक दिवस सांभाळील तो मुख्य पालक, दुसऱ्याने त्यास कन्येचा खर्च पोहोचवावा. मोजदाद जाहली. एकशे ब्याऐंशी दिवस आईचे, एकशे ब्याऐंशी बापाचे, आणि सालाचा अखेरचा मंगळवार उरला, त्यावर दोघांचाही दावा. खर्चाची फिकीर कोणास नव्हती. परंतु कागदावर ‘दुय्यम पालक’ लिहिले जावे, हे दोघांच्याही जिव्हारी लागे.

त्या मंगळवारी सकाळीच शाळेहून दोहोंकडे खबर गेली की, चिरंजिवांचे मस्तकी उवा पडल्या, तत्काळ येऊन न्यावे. एरवी ऐसा निरोप येता दोघे परस्परांकडे बोट दाखवीत. आज बाईसाहेबांनी बस दुसऱ्या चालकाचे हवाली केली आणि धावत सुटल्या, आणि रावसाहेबांनी गिऱ्हाईक एकाच काचेच्या चष्म्यानिशी खुर्चीत सोडिले आणि भिंग घेऊन स्कूटरवर स्वार जाहले, आणि मग दोन्ही फौजा शाळेच्या फाटकाशी एकाच क्षणी आदळल्या.

“उवा माझ्या!” बाईसाहेब गरजल्या.

“तुझ्या कशा? शनिवारी ती माझ्याकडे होती, तेव्हाच झाल्यात!” रावसाहेबांनी छाती ठोकून सांगितले.

वर्गबाईंनी फर्माविले की, भांडण फाटकाबाहेर करावे.

मग बाईसाहेबांचे घर जवळ, सबब तेथे न्हाणीघराचे दारी छावणी पडली. भांगाची सरहद्द मुक्रर जाहली. उजवे अंग आईचे, डावे बापाचे. तेलाचा भडिमार जाहला, फण्या चालल्या, भिंग रोखले गेले. गनीम बहुत चिवट; उजवीकडे कत्तल होता डावीकडे पळे.

“तुझ्या बाजूच्या माझ्याकडे येतायत, लक्ष कुठंय?”

“तूच सरहद्द सोडलीस!”

“मी शिंकू का?” खारूताईंनी अर्ज केला.

“नको!” दोघे एका सुरात ओरडले. खारूताई शिंकल्या, फणी बादलीत पडली, आणि तिघांसही ऐसे हसू लोटले की घटकाभर युद्ध तहकूब राहिले.

तिसऱ्या प्रहरी कचेरी गाठिली. दिवस कोणाचा, ऐसा सवाल जाहला.

“त्याचा लिहा,” बाईसाहेब म्हणाल्या. “डावीकडे जास्त होत्या.”

“छे, मानेमागच्या सगळ्या हिनं काढल्या,” रावसाहेब म्हणाले. “हिचा लिहा.”

अधिकारीणबाई हैराण. अर्धा दिवस लिहिण्यास रकाना नाही.

“मग माझा लिहा ना!” खारूताईंनी फर्माविले. “डोकं माझं होतं.”

अधिकारीणबाईंनी लेखणी थोपविली, चष्मा पुसला, आणि तैसेच लिहिले. दोघे पालक बरोबरीचे ठरले, खर्च निम्मेनिम्म, दुय्यम कोणी नाही.

तोच उभयतांची मस्तके खाजू लागली. आपले डोके आपणांस दिसत नाही, सबब कचेरीच्या बाकावरच बाईसाहेबांनी रावसाहेबांचे पाहिले, मग रावसाहेबांनी बाईसाहेबांचे, आणि खारूताई मोठ्याने मोजीत राहिल्या.

गनीम ठार, नग एकसष्ट. आपल्या पक्षाचे जखमी कोणी नाही. फत्ते जाहली, दप्तरी नोंद असे.