पुढच्या चाकाचा ब्रेक

उभी हयात लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवण्यात गेली माझी. आजवर एकाही गिऱ्हाईकाचं रक्त काढलेलं नाही! असा हात असलेल्या माणसाला मोटरसायकलचा एक ब्रेक बसवता येऊ नये? हॅ! आमच्या टेनेसीच्या डोंगरात माझ्यासारखा न्हावी नाही आणि माझ्यासारखा मेकॅनिकही नाही, असं मी मार्लीनला, म्हणजे बायकोला, ठणकावून सांगितलं.

"न्हाव्याचं मान्य," ती म्हणाली.

मोटरसायकल माझ्या लग्नाहून जुनी. पुढच्या चाकाला जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक. तो दाबणं म्हणजे सरकारदरबारी अर्ज करणं! अर्ज या वळणावर द्यायचा, मंजुरी पुढच्या वळणावर. मध्यंतरी मंजुरीला जरा उशीर झाला आणि आम्ही दोघं शेजारच्या एमेटच्या टपालपेटीला जाऊन भिडलो. मार्लीन गवतातून उठली, केसांतल्या काड्या काढल्या आणि म्हणाली, "वेंडेल, एक तर हा ब्रेक बदल, नाहीतर मागे बसायला दुसरी कुणीतरी शोध!"

दोन्हींत ब्रेक सोपा वाटला.

भंगारवाल्याकडे त्याच जातीची, पण नंतरच्या काळातली, मागून चेपलेली एक गाडी मिळाली. तिचं पुढचं चाक, डिस्क, लिव्हर, तेलाची नळी, सगळं उतरवून आणलं. एमेट खुर्ची घेऊन अंगणात येऊन बसला. मदतीला नव्हे, बघायला!

सगळं जोडून झाल्यावर तेलातली हवा काढायची असते. एकाने लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने खाली चाकापाशी एक बारका स्क्रू सैल करायचा. लिव्हरवर मार्लीन, स्क्रूवर मी.

"दाब!" मी पालथा पडून ओरडलो.

"दाबली!"

"धरून ठेव!"

"सोडू?"

आणि सोडलीच! काढलेली हवा गुडगुडत परत आत.

"अगं, सोडू नको म्हटलं!"

"मग दाबू?"

आणि दाबलीच! तेलाची चिळकांडी थेट माझ्या कानात! एमेट हसता हसता खुर्चीसकट कलंडला.

पण अखेर जमलं. लिव्हर अशी कडक झाली, की जणू खडकाला हात लावतोय. एमेट म्हणाला, "लिव्हरला किंचित ढील ठेव रे. बोटात आणि अंगठीत असते तेवढी."

"ढिलाई मला खपत नाही!" मी म्हणालो, आणि लिव्हरचा स्क्रू पिळून होती नव्हती ती ढील काढून टाकली.

त्या रविवारी नदीवर चर्चचा बाप्तिस्मा होता आणि मग जेवण. मार्लीन पातेली घेऊन मोटारीने पुढे गेली. तिथून तिचा फोन आला. "आईला आणणारी मंडळी तिलाच विसरून आलीत. येताना तिला घेऊन ये."

"कशावर?"

"तुझ्या नव्या ब्रेकवर!"

सासूबाईंचं नाव ओपल. वय ऐंशीच्या घरात, आवाज मात्र पंचविशीचा. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना 'मिस ओपल' म्हणतो आणि मनातून टरकून असतो. त्यांनी हेल्मेट चढवलं, पर्स गळ्यात अडकवली आणि मागे बसून माझ्या बरगड्यांना मिठी मारली.

"भितोस की काय?"

"छे! ब्रेक नवा आहे, मिस ओपल!"

डोंगर उतरायला लागलो. काय तो ब्रेक! नुसतं बोट लावलं की गाडी शहाण्या पोरासारखी हळू होई. मी प्रत्येक वळणावर दाबला. वळण नव्हतं तिथेही दाबला! हौस हो, दुसरं काय!

निम्म्या वाटेवर गाडी जड वाटायला लागली. उतार असून पुढे जाईना. रेस वाढवली. मग करपल्याचा वास आला.

"वेंडेल, काहीतरी जळतंय."

"कुणीतरी पाला जाळत असेल."

"तुझ्या पुढच्या चाकात?"

खाली पाहिलं, तर डिस्कमधून धूर! ढील न ठेवल्यामुळे आतल्या तेलाला परतायला वाट उरली नव्हती. तापेल तसं ते फुगत होतं आणि ब्रेक आपणहून आवळत चालला होता. हे मला एमेटने नंतर सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की पुढच्या चाकाने कचकन जागा धरली.

जागा कुठली? डोंगराच्या पायथ्याशी आगगाडीचे रूळ आहेत. त्यांच्या बरोबर मधली!

"पोचलो?" मिस ओपलनी विचारलं.

"उतरा! आधी उतरा!"

दोघंही उतरलो. मी सगळा जीव लावून गाडी ढकलली. तसूभर हलेना. तेवढ्यात फाटकाचे लाल दिवे लुकलुकायला लागले. टण् टण् टण्! वळणापलीकडून मालगाडीची शिटी आली.

"सोड!" मिस ओपल ओरडल्या.

"सोडत नाहीये!"

"सोड म्हणते ना मी!"

"मी नाही हो, ब्रेक! ब्रेक सोडत नाहीये!"

"अरे मुडद्या, गाडी सोड आणि पळ!"

शहाणा माणूस पळाला असता. माझा हात मात्र खिशातल्या पान्याकडे गेला. ज्या हाताने जन्मात कुणाला ओरखडा काढला नाही, तो असा थरथरत होता, की पाना चाकापाशी असलेल्या त्या बारक्या स्क्रूवर बसेना! एकदा हुकला, पुन्हा हुकला. रूळ गुणगुणायला लागले. वळणावर इंजिनाचा दिवा दिसला. आता मेलो, असं मी मोठ्याने म्हणालो. आणि स्क्रू फिरला! उकळतं तेल फस्सकन बाहेर आलं. चाक सुटलं!

"लोटा!" मी किंचाळलो. मिस ओपलनी मागून असा काही रेटा दिला, की गाडी उडी मारूनच रुळांपार झाली. मी तिच्यावर झेपावलो. पाठीमागून मालगाडीचं इंजिन धाडधाड करत गेलं. त्याच्या वाऱ्याने मान गार झाली.

वाचलो! असं वाटलं, तेवढ्यात लक्षात आलं, की रुळांच्या या बाजूलाही उतार आहे, थेट नदीपर्यंत! लिव्हर दाबली. ती लोण्यात बोट जावं तशी मुठीत आली. तेल सगळं बाहेर आणि स्क्रू उघडाच!

पाद्री विल्मर कंबरभर पाण्यात उभे होते. काठावर सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते.

"बाजूला व्हा! ब्रेक नाहीये!"

लोकांनी डोळे उघडले आणि मोझेसपुढे समुद्र दुभंगावा तशी गर्दी दुभंगली. मी त्या वाटेने, गाडीसकट, नदीत!

पाद्रींनी मला बखोटीला धरून वर काढलं. मार्लीन धावत आली.

"आई कुठाय?"

मला धाप लागलेली. "रुळांवर... मागून... लोटत होत्या..."

मार्लीनचा चेहरा पांढराफटक पडला. आणि खरोखरच मला आठवेना! रेटा दिल्यावर त्या मागे सरल्या की नाही, मी पाहिलंच नव्हतं. मालगाडी अजून चाललीच होती. डबा, आणखी डबा, आणखी डबा! मार्लीनने माझी ओली बाही घट्ट धरली होती. देवा, मोटरसायकल घे, दुकान घे, पण त्या म्हातारीला पलीकडे उभी ठेव, असं मी मनापासून म्हणत होतो.

शेवटचा डबा गेला. पलीकडे मिस ओपल उभ्या होत्या! हेल्मेट डोक्यावर, पर्स गळ्यात. त्या रमतगमत रूळ ओलांडून खाली आल्या. मार्लीन गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मीही रडलो. नदीचं पाणी आहे, असं सांगितलं.

मिस ओपलनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्यातून वर आलेल्या हँडलकडे पाहिलं.

"वेंडेल, तू बदललास तो पुढच्या चाकाचा ब्रेक ना रे?"

"हो."

"आणि मागच्या चाकाला ब्रेक नसतो का?"

पाद्री विल्मरसुद्धा माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"असतो," मी म्हणालो. "पायाने दाबायचा असतो. चांगला आहे अगदी."

एवढं बोलून मी पुन्हा पाण्यात उतरलो. गाडी काढायला, असं सगळ्यांना वाटलं!