पप्पांच्या कप्प्यातला आवाज

सुदर्शनला कुणी घरजावई म्हटलं की राग येई. "घरात कुठं, मी तर खाली स्टुडिओत असतो," असं तो सांगे. स्टुडिओ म्हणजे उस्मानपुऱ्यातल्या सासऱ्यांच्या घराची तळमजल्यावरची खोली: एक कॉम्प्युटर, एक की-बोर्ड, दोन स्पीकर आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. सासरे राजेंद्रराव निवृत्त मुख्याध्यापक. भीमजयंतीच्या आत एकही धड काम आलं नाही तर खोली शिकवणीवाल्यांना देणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. आणि एकदा जाहीर केलेली गोष्ट त्यांनी शाळेतसुद्धा कधी मागं घेतली नव्हती.

आणि काम आलं. गावोगाव भीमगीतं गाणाऱ्या कन्नड तालुक्यातल्या वच्छलाबाई नवं गाणं रेकॉर्ड करायला यायला तयार झाल्या. अट एकच, आधी वाद्यं ऐकणार आणि पटली तरच गाणार.

सुदर्शनची वाद्यं म्हणजे सॅम्पलरमधले आवाज. जगातला कुठलाही आवाज टिपायचा, हवा तसा खाली-वर करायचा आणि की-बोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचा, एवढंच त्या सॅम्पलरचं काम. सुदर्शननं टिपायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. कुकरची शिट्टी होती, सासूबाईंच्या बांगड्यांची किणकिण होती, शिवराज या मित्राच्या रिक्षाचा भोंगा होता. त्याच्या गाण्यातला घुमणारा खर्ज लोकांना फार आवडे, पण तो कुठून आणला हे काही तो सांगत नसे. सांगणार कसं? ते राजेंद्ररावांचं घोरणं होतं. एका उन्हाळी दुपारी वीज जाऊन कूलर बंद पडला आणि सासू-सासऱ्यांच्या खोलीच्या पडद्यामागून तो आवाज आला. सुदर्शननं गुपचूप खिडकीत मोबाइल ठेवला आणि नंतर तो आवाज पार खाली उतरवून त्याचं वाद्य करून टाकलं. राजेंद्रराव म्हणत, मी दुपारी झोपतच नाही, पेपर वाचतो. सासूबाई रत्नमाला म्हणत, यांच्या घोरण्यानं माझ्या डोळ्याला डोळा लागत नाय. घरात सगळ्यांचा विश्वास सासूबाईंवर होता.

अडचण होती ती पसाऱ्याची. 'ढोलकी नवी', 'ढोलकी नवी खरी', 'हीच घे' अशा नावांच्या ढिगातून एक आवाज शोधायचा तर चहा थंड होई. शेवटी त्याची बायको मोनिका म्हणाली, "आपण भांड्यांवर नावं घालतो ना? कुणाचं काय ते लगेच कळतं. तसं कर की."

सुदर्शनला ते फारच पटलं. वच्छलाबाई येण्याच्या आदल्या दिवशी त्यानं सगळे आवाज ज्याच्या त्याच्या नावानं लावून टाकले. कुकर आणि बांगड्या मम्मीच्या कप्प्यात, रिक्षा शिवराजच्या, खर्ज पप्पांच्या. दृष्ट लागावी असं दिसायला लागलं. सॅम्पलरला मात्र आवाज जुन्या जागीच शोधायची सवय. जागा बदलल्यावर त्याला काहीच सापडेना, म्हणून सुदर्शननं एकेक आवाज पुन्हा दाखवून दिला. त्या घाईत कुठला आवाज कुठल्या पट्टीवर बसला, आणि खाली-वर केलेलं सगळं कसं पुसलं गेलं, हे त्याला कळलंच नाही. ऐकून बघायचं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई जयभीम घालून चटईवर बसल्या. राजेंद्रराव खुर्ची टाकून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे बसले. सुदर्शननं ढोलकीची पट्टी दाबली. कुकरची शिट्टी झाली. त्यानं गडबडून पुन्हा दाबली, आणखी शिट्ट्या झाल्या. वर स्वयंपाकघरात रत्नमालाबाईंनी त्या मोजल्या आणि गॅस बंद केला.

"जेवणाचं मागून बघू बाबा," वच्छलाबाई म्हणाल्या. "आधी वाद्य लाव."

त्यानं पेटीची पट्टी दाबली, तर रिक्षाचा भोंगा वाजला. आपली स्कूटर कुणाच्या तरी वाटेत आली असं वाटून राजेंद्रराव बाहेर जाऊन ती सरकवून आले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यामुळं परत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. आता वाचवलं तर खर्जच वाचवेल, असं मनाशी म्हणून सुदर्शननं शेवटची पट्टी दाबली.

खोलीभर घोरणं पसरलं. उघडंवाघडं, शेवटी बारीक शीळ असलेलं.

राजेंद्ररावांनी चष्मा काढला. "सुदर्शनराव, हे काय आहे?"

सुदर्शनला ती खोली, गाद्यांसकट, हातातून जाताना दिसली. "पप्पा, तुम्ही," तो कसाबसा म्हणाला.

राजेंद्ररावांनी एकदा वर छताकडं बघितलं. तेवढ्यात आवाज ऐकून रत्नमालाबाईच दारात येऊन उभ्या राहिल्या. "आता तरी कबूल करा," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी खोटं बोलत होते काय?"

"नाही," राजेंद्रराव हळूच म्हणाले. "मीच आहे तो."

वच्छलाबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते. "परत वाजव," त्या म्हणाल्या. "आमचे मालक ज्वारीच्या राखणीला माच्यावर असेच घोरायचे. मला लई धीर यायचा. तुझ्या मशिनीत हा एकच आवाज जिता हाय. याच्यावर गाते मी."

आणि गायल्या. खोली वाचली. राजेंद्ररावांची अट एवढीच, की गाण्याखाली त्यांचं नाव आलं पाहिजे. आनंदात सगळ्यांनी कच्चा भात खाल्ला.

जयंतीच्या मिरवणुकीत गाणं गाजलं. वैजापूरच्या शाळेतले जुने विद्यार्थी फोन करून सरांचं अभिनंदन करू लागले. वच्छलाबाईंनी दुसरं गाणं धरलं आणि त्यासाठी तोच आवाज जरा लांबलचक मागितला. मग सुदर्शननं एका दुपारी, पप्पांच्या परवानगीनं, त्यांच्या खोलीत माइक लावला आणि खाली येऊन स्पीकरला कान देऊन बसला. घोरणं झकास येत होतं, फक्त थोडं लांबून. माइक जवळ सरकवावा म्हणून तो पाय न वाजवता वर गेला आणि त्यानं पडदा बाजूला केला.

राजेंद्रराव उशीला टेकून पेपर वाचत होते. शेजारी रत्नमालाबाई गाढ झोपल्या होत्या, आणि तो खर्ज, शेवटच्या शिळेसकट, त्यांचा होता.

राजेंद्ररावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला बाहेर नेलं. "लग्न झाल्यापासून हे असंच आहे," ते कुजबुजले. "मी घोरतो असं तिला वाटतं. तसंच वाटू द्या."

"पण पप्पा, तुमचा डोळा कधी लागतो?"

"पेपर वाचून होतो की," ते म्हणाले. तेवढ्यात आतलं घोरणं थांबलं, तसे ते घाईनं आत जाऊन डोळे मिटून पडले.

सुदर्शन खाली आला. नवा आवाज ठेवायला त्यानं मम्मीचा कप्पा उघडला, कुकर आणि बांगड्यांकडं थोडा वेळ बघितलं, आणि तो कप्पा बंद करून आवाज पप्पांच्या कप्प्यात टाकला. माइक अजून चालूच होता. स्पीकरमधून रत्नमालाबाईंची जांभई ऐकू आली.

"आज तर कहरच केला यांनी," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "डोळा म्हणून लागू दिला नाय."