गुलाबी सलाइन

आमच्या कोरेगावच्या मेडिकलमधून शिकलगारसर सतत सलाइनच्या नळ्या नेतात. एकदा दुकानदारानं काळजीनं विचारलं, "सर, पेशंट कसा हाय?"

"लय बारीक हाय गड्या," सर म्हणाले. "नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाई."

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, बायको वारली, लेक कुवेतला गेली. माणसानं अशा वेळी टीव्ही बघावा की नाही? यांनी बाहेरच्या खोलीत प्रयोगशाळा काढली. खिळ्याला सलाइनची बाटली, तिच्यात पेशींचं गुलाबी खाणं. खाली थर्मोकोलची पेटी, उबेला बल्ब, आणि आत काचेवर हॅचरीच्या अंड्यातून काढलेल्या जिवंत पेशी. त्यांच्यावरून ते गुलाबी पाणी सारखं वाहत असतं.

"रक्त वाहताना नळीला आतनं घासतं, वहिनी. त्या घासण्यानं पेशी कशा वळतात, ते बघायचं. याचं विकतचं मशीन आपल्याकडच्या कॉलेजांना परवडत न्हाई. म्हणून हे."

मी शेजारीण. आमची भिंत एकच. मी कुकरचं झाकण आपटलं की पलीकडून ओरडतात, "सावकाश, वहिनी! पेशींना धक्का बसतोय!" आता माझ्याच घरात मी झाकणही आपटू नये?

दिसेल त्याला सर म्हणतात, "मशीन बघायला या." सगळे "येतो की" म्हणतात आणि कुणी फिरकत नाही. मी एकदा त्यांच्या सूक्ष्मदर्शकात डोकावले. मला साबुदाण्याची खिचडी दिसली. तसं सांगितलं, तर सर खूश! म्हणाले, "बघितलंत तरी!"

परवा थेंब नीट दिसावेत म्हणून सर बाटलीखाली कॉटवर आडवे झाले होते. खिडकी उघडी. समोरच्या पाटीलकाकूंनी ते बघितलं, आणि झालं! "सरांना सलाइन लावलंय, ते पण गुलाबी! लय मोठं दुखणं असणार." दुपारपर्यंत अख्खी गल्ली हजर. शहाळी, डाळिंबं, मऊ भात. सर उठायला गेले, तर चौघांनी धरून झोपवलं.

"आवं सर, पडून ऱ्हावा!" काकू म्हणाल्या. "दुखतंय कुठं?"

सरांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. "आता बरं वाटतंय," म्हणाले.

मी अशी संतापले! खोटं मला खपत नाही. सगळे गेल्यावर त्यांना गाठलंच. "सर, शोभतं का हे? धडधाकट असून लोकांचा मऊ भात खाता?"

सर चहाचे कप विसळत होते. "सांगणार हुतो, वहिनी. पण ही गेल्यापासनं एवढे कप आज पहिल्यांदाच निघाले. मशीन बघायला या म्हणून वर्षभर बोलवतोय, कोण आलं? एकटं लय नको वाटतं हो."

मी कप पुसून फळीवर लावले आणि घरी आले.

सकाळी पाटीलकाकू दारात. "सरांचं कसं हाय गं आता? जाऊ का भेटायला?"

"अजून तसंच आहे, काकू," मी म्हटलं. "जाऊन या. आणि जरा वेळ बसा."